कानमोजणी

ऐकणारा रेडिओ गप्प नसतो, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो आणि चाळीस वर्षं लोक मला हसत आले. हरेश्वर पागधरे, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, वडखाडी बंदर. पाटी अजून आहे, अक्षरं उडालीत. लोक म्हणायचे, काका, तुमचं आपलं काहीतरीच. तर आता नीट ऐका. सेटच्या पोटात एक छोटा दोलक असतो. तुम्ही जे स्टेशन लावाल, त्याच्यापेक्षा बरोबर चारशे पंचावन्न किलोहर्ट्झ वरच्या सुरात तो गुणगुणत राहतो. स्टेशनचा सूर आणि त्याचा सूर यांच्या मिश्रणातून सेट आवाज वेगळा काढतो. त्या गुणगुणण्यातला इवलासा भाग एरियलमधून बाहेर सांडतो. म्हणजे तो सांडलेला सूर कुणी पकडला, तर या घरात कुठलं स्टेशन लागलंय ते त्याला दारात न येता कळेल. पण इतका बारीक सूर पकडणार कोण? पकडणारं यंत्र नव्हतं, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. २०३८च्या डिसेंबरात ते यंत्र आमच्या गावात आलं.

त्या वेळी गावातली अकरा माणसं पलीकडे होती. पलीकडे म्हणजे समुद्रातली ती न दिसणारी हद्द ओलांडली म्हणून धरून नेलेली, कराचीच्या तुरुंगात. त्यात माझा जावई भावेश तामोरे. 'रत्नसागर' नावाच्या गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि मार्चमध्ये धरला गेला. शेवटचं पत्र जूनमधलं, तेही दुसऱ्याच्या अक्षरातलं. ताप उतरत नाही, खोकल्यातून रक्त पडतं, काळजी करू नये. काळजी करू नये म्हणे. त्यानंतर दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि पत्रं बंद, फोन बंद, इंटरनेटवरचं पलीकडचं सगळं बंद. माझी मुलगी हर्षला माझ्याकडेच राहायला आली होती. बोंबील वाळवायची, विकायची आणि माझ्याशी भांडायची. नवरा जिवंत आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

कळायला वाट एकच उरली होती, ती मिडियम वेव्हची. या लहरी खाऱ्या पाण्यावरून घसरगुंडीवर बसल्यासारख्या येतात, हद्द-बिद्द त्यांना कुठली दिसायला. आवाज बुजवायचा म्हटला तर शेजारचं आपलंच केंद्र बुडतं, म्हणून तेही कुणी केलं नाही. रोज संध्याकाळी सातला पलीकडच्या केंद्रावर 'किनाऱ्याची खबर' लागायची. पहिली पंधरा मिनिटं गुजरातच्या किनाऱ्यासाठी, पुढची पंधरा दक्षिणेकडच्या किनाऱ्यासाठी, म्हणजे आमच्यासाठीच; या बाजूची पलीकडे असलेली माणसं आमच्याच गावची होती. रोज एका बोटीची पाळी. त्या बोटीवरचे कैदी माइकसमोर यायचे आणि प्रत्येकाला दोन मिनिटं मिळायची. जेवण कसं झकास मिळतं ते आधी वदवून घ्यायचे. प्रचार असतो, आम्हाला काय कळत नाही? आणि नकली आवाज तर हल्ली कुणीही बनवतं. पण घरच्या माणसाची बोलायची ढब घरच्यांना कळते. पाळ्यांची यादी दोन महिने आधी वाचून दाखवली होती. 'रत्नसागर'चा वार आला होता वीस जानेवारी, गुरुवार.

मग शहरातले लोक विचारतात, एकाच घरात रेडिओ लावायचा, बाकीच्यांना सांगायचं, अकरा सेट कशाला? तर आमच्या गावाची एक रीत आहे. दर्याची खबर दुसऱ्याच्या तोंडून घ्यायची नाही. माझ्या लहानपणी एकाने बंदरावर अर्धवट ऐकलं आणि धावत येऊन एका बाईला सांगितलं, तुझा नवरा गेला. तिने बांगड्या फोडल्या. चौथ्या दिवशी नवरा टोपली घेऊन दारात उभा. त्याच नावाचा दुसरा कुणीतरी गेला होता. ती बाई पुढे कधी पूर्ण शुद्धीवर आली नाही. तेव्हापासून ज्याचं माणूस, त्यानेच आपल्या कानांनी ऐकायचं. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी माळ्यावरचे सेट काढले आणि माझ्या दुकानात रांग लागली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे घासाघीस केली नाही.

यंत्र आलं ते एका बाईबरोबर. पल्लवी सोनटक्के, वर्ध्याकडची, तिशीची, बोलायला गोड. यंत्र दीपगृहाशेजारी उभं केलं आणि तिसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात चहाला आली. मी काय ओळखलं नाही असं नाही. गावात सेट किती, कुणाकडे कुठल्या जातीचा, हे तिला माझ्याकडून काढून घ्यायचं होतं. पण यंत्राबद्दल विचारल्यावर तिचा चेहरा असा खुलला की मलाच राहवेना. काचेची बोटाएवढी कुपी, तिच्यात रुबिडियम धातूची वाफ. त्या वाफेतल्या अणूंना लेझरने फुगवायचं. फुगलेला अणू इतका हळवा होतो की दूरवरच्या सेटमधून सांडलेला सूरही त्याला जाणवतो. अशा चोवीस कुप्या जोडल्या की कुठला सूर कुठल्या घरातून आला, तेही कळतं.

"काका, दहा किलोमीटरवर चालू असलेला एक सेट मी बोट ठेवून दाखवू शकते," ती म्हणाली.

माझ्या हातातला चहा गार झाला. चाळीस वर्षं मी जे सांगत होतो ते कुणीतरी खरं करून दाखवलं होतं, आणि मला त्याचा आनंद होईना.

नियम लगेच आला. पलीकडचं केंद्र ऐकणं गुन्हा. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी त्या घराच्या बोटीचं टोकन आठ दिवस बंद, तिसऱ्या वेळी हंगाम संपेपर्यंत. टोकन नाही तर बोट समुद्रात नाही. गावाने यंत्राचं नाव ठेवलं कानमोजणी. पहिल्याच आठवड्यात अकराही घरांना कागद आले, दुसऱ्या आठवड्यात चार बोटी किनाऱ्याला बांधल्या गेल्या. त्यात भावेशच्या भावाची एक, कारण कागदावर हर्षलाचं नाव अजून त्यांच्याच घरात. तो संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला, वहिनी, पोरांच्या तोंडचा घास जातो, थोडे दिवस दम धर, असं विनवून गेला. बिचारा चुकीचं काही बोलला नव्हता.

तो गेल्यावर हर्षलाने सातला रेडिओ लावला. मी खटकन बंद केला. तिने लावला, मी बंद केला. मग ती जे बोलली ते अजून टोचतं. म्हणाली, तुमच्या हाती अख्खं आयुष्य पाना आहे बाबा, उपयोग काय? मी संतापलो, वाट्टेल ते बोललो आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. पहाटे डोक्यात आलं, आणि मी ताडकन उठून बसलो.

दोलक नसलेला सेट.

लहान असताना माझ्या मामाने मला बनवून दिला होता तसला. तारेचं वेटोळं, एक जर्मेनियमचा डायोड आणि कानात घालायची गोळी. बॅटरी नाही, वीज नाही. आलेल्या लहरीच्या ताकदीवरच तो बोलतो, स्वतः काहीही गुणगुणत नाही. आवाज मुंगीएवढा, पण पलीकडचं केंद्र दणकट आणि मधे सगळं खारं पाणी. फक्त एरियल लांबलचक हवी. आणि आमच्या गावात लांबलचक काय असतं? बोंबील वाळत घालायच्या वलांड्या! बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांच्या रांगाच रांगा, घरापासून पार पुळणीपर्यंत. मी त्या दोऱ्यांबरोबर बारीक तांब्याची तार ओढली. वर बोंबील लटकले की परमेश्वरालाही दिसली नसती. नाताळाच्या आठवड्यात अकरा सेट तयार झाले. साबणाच्या डबीत मावतील एवढे.

सातला अकरा घरांत दारं लोटलेली, घरातलं माणूस कानात गोळी घालून श्वास रोखून बसलेलं. दीपगृहाजवळच्या यंत्रावर आकडा शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशी शून्य. सोनटक्केबाई दोनदा सगळी जोडणी तपासून गेल्या. मी दुकानात बसून शीळ घालत होतो. बायका रस्त्यात भेटल्या की पदराआडून हसायच्या. भावेशचा भाऊ ताजा सरंगा देऊन गेला. हर्षलाने मला दोन वेळा विचारून जेवायला वाढलं, आमच्या घरात याला माफी मागणं म्हणतात. मला इतका गर्व झाला होता की सांगता सोय नाही. सगळ्या सरकारांना एका डायोडने गुंडाळलं, असं मी मनात म्हणत होतो.

बारा जानेवारीला, बुधवारी, निवेदिकेने आमचा भाग सुरू करण्याआधी एक सूचना वाचली. तिचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. ती म्हणाली, त्यांचं एक जहाज खुल्या समुद्रात उभं असतं आणि किनाऱ्यावर किती सेट लागतात ते त्यांना तिथून समजतं. गुजरातच्या किनाऱ्यावर ऐकणारे आहेत. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर गेले सोळा दिवस एकही सेट लागलेला नाही. जिथं कुणी ऐकत नाही तिथं बोलून उपयोग नाही. तेव्हा रविवारपासून दक्षिण किनाऱ्यासाठीचा भाग बंद.

हर्षलाने कानातली गोळी काढून माझ्या हातात ठेवली. मीही ऐकलं. सूचना दुसऱ्यांदा वाचत होते.

तीच कुपी, तीच वाफ. आपल्याकडे आली तशी त्यांच्याकडेही असणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आपलं सरकार आम्हाला पकडायला मोजत होतं आणि ते बोलत राहायचं की नाही हे ठरवायला मोजत होते. मी दोघांनाही सारखंच फसवलं. 'रत्नसागर'ची पाळी आठ दिवसांवर होती आणि कार्यक्रमाला उरले होते तीन दिवस.

"तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलंत," हर्षला म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी हिशेब मांडला, लहरींचा. आमचं शून्य बघून जहाज आता गुजरातकडे सरकलं असणार; ते साठ मैलांवर धरलं, तर पूर्वी त्यांना पोचणारी अकरा सेटांची कुजबुज आता समुद्राच्या खरखरीतच विरून जाईल. तिथल्या यंत्राचा काटा हलायला निदान पस्तीस सेट एकाच वेळी, एकाच स्टेशनवर, उंच एरियल लावून चालू हवेत. म्हणजे ज्यांचं कुणीही पलीकडे नाही अशा चोवीस घरांनी आपल्या बोटी पणाला लावायच्या. ऐन हंगामात.

गुरुवारी सकाळी जाळी सारखी करायच्या जागेवर सगळे जमले. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. मग एकेक बोलले. पोरांच्या फिया आहेत, इंजिनाचे हप्ते आहेत, आणि पस्तीस लावून काटा हलला नाही तर? त्याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. मी इतकंच म्हटलं की माझ्या दुकानात एकतीस चालू सेट आहेत, कुणीही घेऊन जा. कुणी पुढे आलं नाही. त्या संध्याकाळी अकरा घरांनी मोठे सेट लावले. अकराच.

शुक्रवारी दुपारी लीलाबाय दुकानात आली. दोन बोटींची मालकीण, तोंडाची फटकळ, पलीकडे तिचं कुणीही नाही. हर्षलाशी तर तिचं बोंबलांच्या जागेवरून वर्षभर वाकडं. तिने फळीवरचा सगळ्यात मोठा सेट उचलला आणि मला विचारलं, हा कुठल्या काट्यावर लावायचा ते खडूने खूण करून दे, मला आकडे दिसत नाहीत. मी म्हटलं, बाय, दोन्ही बोटी जातील. ती म्हणाली, मला अक्कल शिकवू नकोस, खूण कर. मी खूण केली. ती रस्त्याने तो सेट डोक्यावर घेऊन, बंदरावरून मुद्दाम वळसा घालून गेली. पाचपर्यंत दुकानाची फळी रिकामी झाली.

सहाला सोनटक्केबाई आल्या. त्यांनी रिकाम्या फळीकडे बघितलं आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "काका, मला सगळी नावं पाठवावी लागतील. मी एकही गाळू शकत नाही."

"गाळू नका," मी म्हटलं. "एकही सेट कमी लिहू नका."

 त्या म्हणाल्या की त्यांचे वडीलही घरी असले की दिवसभर रेडिओ लावतात. मग उठून यंत्राकडे गेल्या.

शुक्रवारी अडतीस सेट लागले. शनिवारी एक्केचाळीस. गाव असं कधी ऐकलं नव्हतं, प्रत्येक दारातून तोच एक आवाज, चालत गेलं तरी वाक्य तुटत नव्हतं. निवेदिका दोन्ही दिवस आमच्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.  हर्षला सारखी अंगण झाडत होती. रविवारी सातला गुजरातचा भाग झाला, संगीत वाजलं, आणि मी डोळे मिटून घेतले. सव्वासातला ती बाई म्हणाली, दक्षिण किनाऱ्यावर पुन्हा सेट लागले आहेत, म्हणून हा भाग चालू राहील. लीलाबायच्या घरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. सोमवारी सकाळी एक्केचाळीस घरांना कागद आले आणि सव्वीस बोटींचं टोकन बंद झालं. तरी सातला सेट लागले. मंगळवारीही. बुधवारीही.

वीस जानेवारी, गुरुवार. सगळ्या घरांत रेडिओ होते, तरी लीलाबाय आमच्या ओट्यावर येऊन बसली. हर्षलाने सेट मांडीवर घेतला होता. 'रत्नसागर'चा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बोलला, मग दोन गुजरातचे खलाशी बोलले. चौथा बोलायच्या आधी खोकला आला, लांब, खोल. हर्षलाचे डोळे भरले आणि ती हसली. माझ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली. तो होता.

जेवण चांगलं मिळतं, असं भावेश म्हणाला. औषधही मिळतं. आईला सांगा, गुडघ्याला तेल लावत जा. मग तो जरा थांबला आणि पुढचं भरभर बोलला, वेळ संपेल म्हणून.

"हर्षला, इथं रोज सकाळी अंगणात फळ्यावर लिहितात, कुठल्या किनाऱ्यावर किती सेट लागले. आम्ही तेच वाचायला धावतो. नाताळापासून आपल्यासमोर शून्य होतं. रोज शून्य. मी म्हटलं, कंटाळली असतील, त्यांना पण जगायचंय, माझी काही तक्रार नाही. आठ तारखेला आमच्या बोटीवरच्या एकाला सोडायचं निघालं. आजारी म्हणून माझं नाव होतं. मी म्हटलं, दामजीला सोडा. त्याच्या गावाचे चाळीस-चाळीस सेट रोज लागतात, त्याची कुणीतरी वाट बघतंय. तो गेला शुक्रवारी. आणि शनिवारी सकाळी फळ्यावर आपल्यासमोर अडतीस लिहिलेलं. मला समजत नाही गं. तुम्ही होतात ना तिथं? मधे कुठे गेला होतात?"

त्याची दोन मिनिटं संपली. पाचवा माणूस बोलू लागला.

मी जागचा उठलो नाही. मला लाज वाटत होती, इतकी की मुलीकडे बघवेना. तो घरी आला असता. या ओट्यावर आता खोकत बसला असता आणि मी त्याला दवाखान्यात नेलं असतं. माझ्या साबणाच्या डब्यांनी त्याला तिथं ठेवलं. मी हे मोठ्याने बोललो असणार, कारण लीलाबाय म्हणाली, गप रे हरेश्वर, आता ते उगाळू नको. 

कार्यक्रम संपला. सवयीने माझा हात सेटच्या खटक्याकडे गेला, तर हर्षलाने तो धरला.

"बाबा, ते जहाज सातच्या कार्यक्रमापुरतंच मोजतं, की नंतरही?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग राहू दे चालू."

पुढे त्या केंद्रावर कापसावरच्या बोंडअळीचा कार्यक्रम सुरू झाला, कुठली फवारणी कधी करायची, किती पाण्यात किती औषध. आमच्या गावात कापसाचं एक झाड नाही. लीलाबायने पाय पसरले. समोरच्या घरातलाही सेट चालूच होता, त्याच्या पलीकडचाही. आम्ही तो कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला.